अमरवेल, बांडगूळ, धोतरा: वाचकांचे प्रश्न

परजीवी आणि विषारी वनस्पतींविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच अर्थाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न: सोयाबीनच्या वावरात तीन-चार जागी पिवळ्या दोऱ्यांचं जाळं पसरलं आहे. मागच्या वर्षी एकाच कोपऱ्यात होतं. तेव्हा हातानं ओढून काढून धुऱ्यावर फेकलं होतं. आता कोणतं औषध फवारावं?
— शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: हे जाळं अमरवेलीचं आहे. उभ्या पिकात आता फवारून उपयोग नाही. अमरवेलीनं आपली शोषक मुळं सोयाबीनच्या खोडात रुतवलेली असतात, त्यामुळे तिला मारणारं औषध सोयाबीनलाही सोडत नाही. विळा घ्या. जिथे जाळं दिसतं त्याच्या भोवताली आणखी दोन-तीन फूट धरून सोयाबीनसकट सगळं जमिनीलगत कापा, जागेवरच पोत्यात भरा आणि वावराबाहेर कडक जमिनीवर जाळा. चार-दोन ओळी गेल्याचं वाईट वाटेल, पण वेल ओढून सोडवत बसलात तर बोटभर तुकडा झाडाला चिकटून राहतो आणि तेवढ्यातून पुन्हा वेल उभी राहते. मागच्या वर्षी तेच झालं असणार. धुऱ्यावर फेकलेल्या वेलीनं तिथल्या तरोट्यावर बस्तान बसवलं असेल आणि तिथेच बी झाडलं असेल.

कापणी पांढऱ्या फुलांचे बारीक झुबके दिसण्याआधी व्हायला हवी. बोंडं तपकिरी झाली असतील तर आधी खाली ताडपत्री अंथरा, मगच कापा. पुढचे तीन आठवडे दर आठ दिवसांनी त्या जागा फिरून बघा. डवरणी करताना डवरा बाधित जागेच्या अलीकडेच उचला. एका कोपऱ्यातली वेल चार जागी पसरवण्याचं काम बहुतेक वेळा डवराच करतो.

कापलेली वेल ढोरांना घालू नका आणि उकिरड्यावरही टाकू नका. तिचं बी जनावराच्या पोटातून जिवंत बाहेर पडतं आणि शेणखताबरोबर पुढच्या हंगामात साऱ्या वावरात पसरतं. हे बी टणक सालीचं असतं आणि जमिनीत दहा वर्षांहून अधिक काळ तग धरतं. सगळं एकदम उगवतही नाही, थोडं यंदा, थोडं पुढच्या साली. म्हणून एका वर्षात शेत स्वच्छ झालं असं समजू नका.

पुढच्या खरिपात त्या भागात ज्वारी किंवा मका घ्या. गवतवर्गातल्या पिकांवर शेतातली अमरवेल टिकत नाही. पण त्या ज्वारीत रुंद पानांचं तण राहू दिलंत तर ती तणावर जगून बी पाडेल, तेव्हा निंदण चुकवू नका. सोयाबीनच घ्यायचं असेल तर बी चाळून घ्या. अमरवेलीचं बी जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरचं असल्यानं सोयाबीनमधून ते सहज गळतं. जवस किंवा लसूणघासाच्या बियाण्यात मात्र ते आकारानं मिसळून जातं, तिथे बियाणं कुठून आणता हेच महत्त्वाचं. पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, पीक आणि तण उगवण्यापूर्वी, पेंडीमेथॅलिन ३० टक्के प्रवाही एकरी सुमारे १.३ लिटर, २०० लिटर पाण्यातून ओलसर जमिनीवर फवारलं तर उगवण बरीच दबते. जमीन कोरडी असेल तर पैसे वाया. डब्याच्या लेबलावर आपलं पीक आहे ना, हे आधी वाचा.

उगवलेल्या कोंबाजवळ जेमतेम आठ-दहा दिवसांची शिदोरी असते. तेवढ्यात यजमान सापडला नाही तर तो मरतो. मग डोळे नसलेला हा कोंब नेमका पिकाकडे कसा वळतो? २००६ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं की तो वासावर जातो. टोमॅटोच्या रोपातून हवेत मिसळणाऱ्या द्रव्यांकडे कोंब झुकले, गव्हाकडे फारसे नाही. बोरी-बाभळीवर दिसणारी जाड, हिरवट-पिवळी अमरवेल ही वेगळी जात. शेतातल्या बारीक, नारिंगी झाक असलेल्या वेलीसाठी झाडावरच्या वेलीला दोष देऊ नका.

प्रश्न: ज्वारीचं पीक ओल असूनही माना टाकतं. बुडाशी वीतभर उंचीची, पांढऱ्या फुलांची रोपं दिसतात. जुनी माणसं ‘टारफुला’ म्हणतात आणि ‘पऱ्हाटीच्या जागेवर हे येत नाही’ असंही सांगतात. यात तथ्य आहे का?
— ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर: पुरेपूर आहे, आणि त्यामागचं कारण कळायला विज्ञानाला १९६६ साल उजाडावं लागलं. टारफुला ज्वारीच्या मुळांवर जगणारा परजीवी आहे. त्याचं बी धुळीइतकं बारीक असतं, एका झाडावर हजारोंनी येतं आणि वर्षानुवर्षं जमिनीत निजून राहतं. जवळच्या मुळातून एक विशिष्ट रसायन झिरपलं तरच ते जागं होतं. हे रसायन पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं ते कपाशीच्या, म्हणजेच पऱ्हाटीच्या, मुळांच्या स्रावातून. त्याला स्ट्रायगॉल म्हणतात. म्हणजे पऱ्हाटी टारफुल्याला हाक मारते, बी उगवतं, पण पऱ्हाटीच्या मुळात त्याला शिरकाव मिळत नाही आणि चार-पाच दिवसांत ते उपाशी मरतं. दर पऱ्हाटीच्या हंगामात जमिनीतला साठा असा कमी होत जातो. सोयाबीन, भुईमूग, चवळी यांनीही हे थोडंफार साधतं.

मग झाडं स्वतःच्या वैऱ्याला निमंत्रण का देतात, असं वाटेल. हाक मुळात वैऱ्यासाठी नसतेच. जमिनीतल्या उपयोगी बुरशीला मुळाशी बोलावण्यासाठी झाडं हे रसायन सोडतात, आणि स्फुरद कमी पडलं की जास्त सोडतात. टारफुला ती हाक चोरून ऐकतो. भुकेल्या, खत न मिळालेल्या हलक्या जमिनीत त्याचा जोर का असतो, हे यावरून कळेल.

उपाय असे. उगवलेली रोपं फुलावर येण्याआधी उपटा. मात्र ती जमिनीवर दिसतात तोवर ज्वारीचं निम्मं नुकसान मुळाशी होऊन गेलेलं असतं, त्यामुळे उपटण्याचा फायदा पुढच्या वर्षीच्या पिकाला. शेणखत आणि शिफारशीइतकं नत्र-स्फुरद द्या. ज्वारीवर ज्वारी घेऊ नका. मध्ये किमान दोन हंगाम पऱ्हाटी किंवा सोयाबीन येऊ द्या. बाधित वावरातला वखर दुसऱ्या वावरात नेण्याआधी माती झाडून धुवा. ही साधी गोष्ट कुणी करत नाही.

प्रश्न: आंब्यावर आणि मोहावर बांडगूळ फार झालं आहे. तोडलं की वर्षभरात पुन्हा येतं. शिवाय एक इसम ‘अमुक नक्षत्रावर काढलेला बांदा तिजोरीत ठेवा’ म्हणून गावात तुकडे विकून गेला. दोन्हींबद्दल लिहावं.
— ता. सडक अर्जुनी, जि. गोंदिया

उत्तर: आधी झाडाचं बघू. बांडगुळाला स्वतःची हिरवी पानं असतात, अन्न ते स्वतः तयार करतं. यजमानाकडून घेतं ते पाणी आणि क्षार. म्हणून एखाद-दुसऱ्या झुपक्यानं झाड मरत नाही, पण झुपक्याच्या पुढची फांदी वाळत जाते आणि उन्हाळ्यात पाण्याची ओढ असताना ताण वाढतो.

तोडूनही पुन्हा येतं, कारण तुटतो तो वरचा झुपका. शोषक मुळं फांदीच्या सालीखाली पुढेमागे सरकलेली असतात आणि तिथून नवे फुटवे निघतात. फांदीच कापायला हवी, आणि ती बांडगुळाच्या गाठीपासून खोडाच्या बाजूला एक ते दीड फूट सोडून. आधी खालून तिसरा हिस्सा करवत चालवा, मग वरून कापा, म्हणजे साल खोडापर्यंत सोलली जाणार नाही. मुख्य खोडावरच गाठ असेल तर खोड कापता येत नाही. तिथे पटाशीनं गाठ कोरून काढा आणि दर दोन-तीन महिन्यांनी येणारे फुटवे खुडत राहा. पानंच मिळाली नाहीत तर ते हळूहळू दमतं.

कापल्या जागी बोर्डो मलम लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवा. दोन्ही द्रावणं तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतून लाकडी काडीनं ढवळा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्या, लोखंडाची नकोत. तयार मलमात स्वच्छ विळ्याचं टोक मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, थोडा आणखी घाला. तसंच लावलं तर साल भाजते. मलम त्याच दिवशी संपवा.

वेळ हिवाळ्याची निवडा, बांडगूळ फुलावर असताना. फळं धरली की काम हाताबाहेर जातं. फळात बियाभोवती चिकट गर असतो. फुलटोच्या हा चिमणीहून लहान पक्षी फळ गिळतो, आणि चिकट बी शेपटीखालून सुटत नाही म्हणून फांदीवर घासून टाकतो. दुसऱ्या झाडावर पेरणी झाली. पक्ष्याला हाकलून काही साधत नाही, त्याच्या खाण्यातलं बांडगूळ आपल्या आमराईत नसलं म्हणजे झालं.

जंगलातलं सगळं बांडगूळ छाटायच्या मागे मात्र लागू नका. पिवळ्या-लाल ठिपक्यांचं हळदीकुंकू फुलपाखरू आपली अंडी बांडगुळाच्या पानांवरच घालतं. फळझाडं आणि मोह एवढ्यापुरता विळा पुरे.

आता तिजोरीतला बांदा, म्हणजे बांडगुळाचा तुकडा. झाडावर झाड उगवलेलं बघून माणसाला गूढ वाटावं, हे जगभर झालेलं आहे. उत्तर युरोपातल्या पुराणकथेत बाल्डर देवाला साऱ्या चराचरानं ‘इजा करणार नाही’ असं वचन दिलेलं असतं. क्षुद्र म्हणून बांडगूळ तेवढं वगळलं जातं आणि त्याचाच बाण बाल्डरचा जीव घेतो. कथा सुरेख आहे, पण त्या तुकड्यानं तिजोरी भरली ती विकणाऱ्याची. तो उगाळून पोटात घ्यायला सांगत असेल तर धोका खरा आहे. बांडगूळ यजमानाची द्रव्यं उचलतं. कण्हेरीवर वाढलेल्या बांडगुळात कण्हेरीची हृदयावर परिणाम करणारी विषं सापडलेली आहेत. तुकडा कोणत्या झाडावरचा, हे घेणाऱ्याला कधीच कळत नाही.

प्रश्न: एक एकरात नुसतं चंदन लावलं. दुसऱ्या वर्षी रोपं पिवळी पडून खुरटली. पाणी, खत सगळं चालू आहे.
— ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर: चंदन हा अर्धपरजीवी आहे. त्याची मुळं शेजाऱ्याच्या मुळांना चिकटून क्षार ओढतात. शेजारीच नसेल तर खत ओतूनही ते खुरटतं. लावणीच्या वेळीच खड्ड्यात, रोपापासून वीतभर अंतरावर तुरीचे दोन-तीन दाणे टोबायचे असतात. तूर वाढली की तिचा शेंडा छाटत राहा, नाहीतर ती चंदनाला झाकून टाकते. तूर फाल्गुनात संपते आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. तोवर पाच-सहा फुटांवर दुसरा, कायमचा यजमान उभा असायला हवा: कडुनिंब, करंज, शेवगा, सुरू यांपैकी काहीही. तुमची रोपं अजून जिवंत असतील तर या पावसाळ्यात तूर टोबा आणि त्याच वेळी शेवगा लावा. काळ्या जमिनीत पाणी साचत असेल तर मात्र यजमान देऊनही चंदन जगत नाही. चर काढून पाणी बाहेर घाला. लागवडीची नोंद सातबाऱ्यावर करून घ्या. तोड आणि वाहतुकीच्या वेळी वनखात्याकडे हा कागद लागतो.

प्रश्न: धानाच्या बांधीत आम्ही उतेरा पद्धतीनं (उभ्या धानातच बी फेकून) लाखोळी टाकतो. कुणी म्हणतं खाल्ली की पाय जातात, कुणी म्हणतं पिढ्यान्‌पिढ्या खातो आहोत. खरं काय?
— ता. लाखनी, जि. भंडारा

उत्तर: दोन्ही. लाखोळीच्या दाण्यात ओडॅप नावाचं चेतातंतूंवर परिणाम करणारं द्रव्य असतं. चार डाळींतली एक म्हणून अधूनमधून खाल्ली तर त्यानं पाय जात नाहीत. दुष्काळात धान हाती लागत नाही, हे पीक तेवढं तगतं, आणि मग महिनोन्‌महिने जेवणाचा मोठा हिस्सा लाखोळीच होते. लुळेपणाच्या साथी अशा वर्षांत आल्या. पोटऱ्या आखडतात, माणूस चवड्यांवर चालू लागतो, आणि एकदा झालेलं हे नुकसान भरून येत नाही. याच कारणानं १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली होती.

घरी करण्यासारखं असं: डाळ भरपूर कढत पाण्यात काही तास भिजवा, पाणी फेकून द्या, मग नव्या पाण्यात शिजवा आणि वर आलेलं पाणीही ओता. ओडॅप पाण्यात विरघळतं, त्यामुळे बराच भाग निघून जातो. नुसती भाजून किंवा दळून पीठ केलं तर तो असा निघून जात नाही. म्हणून लाखोळीच्या बेसनाची भजी, झुणका रोजच्या खाण्यात नको. पेरायला ‘रतन’ किंवा ‘प्रतीक’ ही कमी ओडॅपची वाणं घ्या. मात्र शेजारच्या बांधीत जुनं वाण असेल तर मधमाशांमुळे थोडा संकर होतो. दोन-तीन वर्षांनी बियाणं बदला.

प्रश्न: कापलेल्या ज्वारीला आलेले कोवळे फुटवे खाऊन शेजाऱ्याची गाय तासाभरात गेली. फवारणी तर झालीच नव्हती.
— ता. बार्शीटाकळी, जि. अकोला

उत्तर: फवारणी लागत नाही. कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पावसानं ओढ दिल्यावर फुटलेल्या पोंग्यांत, पोटात गेल्यावर सायनाइड सुटेल असं द्रव्य असतं. जनावर धापा टाकतं, लडखडतं, पडतं. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट ही इंजेक्शनं पशुवैद्यक शिरेतून देतात. वेळ फार थोडा असतो, म्हणून घरगुती काढे करत बसू नका. ज्वारी फुलोऱ्यावर आल्यावरच हिरवी घाला. नीट वाळलेला कडबा चालतो, वाळताना हे विष बरंचसं उडून जातं.

प्रश्न: जत्रेतून आणलेली गुंजांची माळ लहान मुलीच्या गळ्यात आहे. काढावी का?
— ता. रामटेक, जि. नागपूर

उत्तर: आजच काढा. अखंड गुंज गिळली गेली तर टणक सालीमुळे ती बहुधा तशीच बाहेर पडते. माळेच्या गुंजेला भोक पाडलेलं असतं, म्हणजे साल आधीच फुटलेली. आतलं अॅब्रिन अतिशय जहाल आहे. लक्षणं काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनीही सुरू होतात. मूल ठीक दिसतं म्हणून थांबू नका. ओकारी काढू नका, मीठपाणी पाजू नका, उरलेल्या बिया सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा. सोनारकामात या बियांचं वजन धरलं गेलं ते त्या एकसारख्या भरतात म्हणून: ९६ गुंजांचा एक तोळा, म्हणजे एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅम.

प्रश्न: कळलावी दारात लावली की घरात भांडणं होतात म्हणतात. फूल फार सुंदर आहे, लावू का?
— ता. चिखलदरा, जि. अमरावती

उत्तर: भांडणं तिच्याविनाही होतात. पण ही समजूत मोडीत काढायची आम्हाला घाई नाही. कळलावीचा कंद रताळ्यासारखा किंवा रानातल्या खायच्या कंदासारखा दिसतो, आणि त्यात कोल्चिसीन असतं. पोटात गेल्यावर काही तासांनी जुलाब-उलट्या सुरू होतात, मग एकेक अवयव बिघडत जातो. मुलाबाळांच्या हाताला लागू नये म्हणून तिला अंगणाबाहेर ठेवणाऱ्यांनी भांडणाची भीती घातली असेल, तर ती उपयोगाची होती. लावायचीच असेल तर कुंपणाच्या पलीकडे लावा, आणि हळद-आल्याच्या वाफ्याजवळ तर मुळीच नको. बाळंतपणाच्या कळा याव्यात म्हणून कंद उगाळून लावण्याची रीत कुठे चालू असेल तर ती थांबवा.

प्रश्न: झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी नाटक लिहितो आहे. खलनायक दुधात धोतऱ्याचं बी कालवतो आणि नायिका घोट घेताच कोसळते. एक डॉक्टर मित्र हसला. काय चुकलं? आणि रानात माणूस गिळणारं झाड दाखवलं तर चालेल का?
— ता. देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली

उत्तर: मित्र बरोबर हसला. घोटासरशी कोसळवणारं झाड आपल्या रानात नाही. धोतऱ्याचा परिणाम दिसायला अर्धा-एक तास जातो, आणि तो कोसळण्याहून कितीतरी नाट्यमय असतो. आधी घसा कोरडा पडतो, आवाज घोगरा होतो. जवळचं दिसेनासं होतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापून लाल पडतं पण घाम येत नाही. मग माणूस नसलेल्या माणसांशी बोलतो, हवेतले न दिसणारे धागे वेचतो, हसता हसता घाबरतो. हे दीड-दोन दिवस चालू शकतं, आणि वाचल्यावर त्याला त्यातलं बरंचसं आठवत नाही. तुमच्या नायिकेला याच अवस्थेत भर सभेत उभी करा. खलनायकाचं गुपित ती बडबडते आहे, आणि ऐकणाऱ्यांना खरं-खोटं कळत नाही. मरण दाखवण्यापेक्षा हा प्रवेश मोठा होईल. तिसऱ्या अंकात पोलीस आणणार असाल तर व्हिसेरा तपासणीत ही द्रव्यं सापडतात, तेव्हा ‘पुरावाच नाही’ हा संवाद कापा.

विषाचा प्रयोग रंगभूमीवर नवा नाही. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात चंद्रगुप्तासाठी धाडलेली विषकन्या चाणक्याच्या डावानं चंद्रगुप्ताचा साथीदार राजा पर्वतक याच्या वाट्याला येते, आणि तो मृत्यू रंगमंचावर घडत नाही, नुसता सांगितला जातो.

माणूस गिळणाऱ्या झाडाची बातमी १८७४ साली न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रानं मादागास्करच्या नावावर छापली होती. ती निव्वळ बनावट होती, तरी पुढे कित्येक वर्षं लोक ती खरी मानत राहिले. वडाच्या पारंब्यांना हात फुटल्याचं दाखवलंत तर प्रेक्षक हसतील. त्याऐवजी खरंखुरं काही घ्या. वड, पिंपळ, उंबर पाखरांच्या विष्ठेतून दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात उगवतात, मुळं खाली सोडतात, ती एकमेकांत जुळत जातात आणि आतलं झाड उभ्याउभ्या आवळलं जातं. ते यजमानाचा रस पीत नाहीत, म्हणजे परजीवी नव्हेत. पण कालांतरानं आतलं झाड कुजून जातं आणि वडाच्या खोडात मधोमध माणूस मावेल एवढी पोकळी उरते. नेपथ्यकाराला अशी पोकळी बांबूच्या कामट्या आणि गोणपाटात उभी करता येईल.